स्पोर्ट्स कार घेऊन आल्प्सच्या घाटांत: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

माझ्याकडे २००८ची सेकंड-हँड पोर्शे बॉक्स्टर आहे. दोनच सीट, इंजिन पाठीमागे, छत उघडणारं. घेतली तेव्हा साताऱ्याहून बाबांनी व्हिडिओ कॉलवर ती नीट न्याहाळली आणि पहिला प्रश्न विचारला, "मागे कोण बसणार?" कोणीच नाही म्हटल्यावर दुसरा प्रश्न, "मग एवढे पैसे कशाचे दिले?" त्याचं पटण्याजोगं उत्तर मला अजून जमलेलं नाही. पण दरवर्षी मी आणि बायको ती घेऊन स्टुटगार्टहून आल्प्सचे घाट चढायला निघतो.

पहिल्या खेपेला आम्ही इतक्या चुका केल्या की त्या ऑफिसातल्या तीन मराठी मित्रांना तीनदा सांगून झाल्या. चौथा परवा विचारायला आला, म्हणून हे लिहून काढतोय. तुम्ही इथे जर्मनीत राहत असाल आणि स्वतःची गाडी असेल किंवा भारतातून येऊन आठवडाभर भाड्याने घेणार असाल, बहुतेक गोष्टी सारख्याच आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकीचं सगळं तिच्यावर बसतं. स्पोर्ट्स कार म्हटलं की आपल्या लोकांना वेगमर्यादा नसलेला जर्मन ऑटोबान आठवतो. त्यातली मजा अर्ध्या तासात संपते. नंतर उरतो तो वाऱ्याचा आवाज, डोळ्यांवरचा ताण आणि पेट्रोलचा भराभर खाली येणारा काटा. ही गाडी ज्यासाठी बनवली आहे ते सुख ताशी पन्नास-साठला, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, वळणावर मिळतं. म्हणून आखणी करताना दिवसाचे किलोमीटर निर्दयपणे कापा.

१. आधी महिना ठरवा, मग रस्ता

उंचावरचे घाट वर्षातला अर्धा काळ बर्फाखाली असतात. इटलीतला स्टेल्विओ २७५७ मीटरवर आहे. तो साधारण मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला उघडतो आणि नोव्हेंबरच्या सुमारास बंद होतो. स्वित्झर्लंडमधले फुर्का, ग्रिम्सेल आणि सुस्टेन हे घाट जून ते ऑक्टोबर धरून चाला. माझ्या मते जूनचा दुसरा पंधरवडा किंवा सप्टेंबर उत्तम. ऑगस्ट टाळा. १५ ऑगस्टला इटलीत फेरागोस्तोची सुट्टी असते आणि त्या आठवड्यात अख्खा देश रस्त्यावर येतो. शनिवारीही निघू नका. उन्हाळ्यात शनिवारी हॉटेलं आणि सुट्टीची घरं रिकामी होऊन पुन्हा भरतात, त्यामुळे दक्षिणेकडचे सगळे रस्ते तुंबतात.

ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला एक दिवस स्टेल्विओ फक्त सायकलवाल्यांसाठी मोकळा ठेवतात. तेवढी तारीख बघून घ्या. आमच्या ओळखीचा एक जण नेमका त्या दिवशी खाली, पायथ्याच्या प्रातो गावी पोचला होता.

पहिल्या खेपेसाठी मी हा सहा दिवसांचा मार्ग सुचवतो, सगळा मिळून सुमारे १२०० किलोमीटर:

पहिला दिवस: स्टुटगार्ट, उल्म, फ्युसेन, मग ऑस्ट्रियात फर्नपास, लांडेक, रेशेन आणि स्टेल्विओच्या पायथ्याचं प्रातो. हा मोठा पल्ला, ३७० किलोमीटरच्या आसपास. रेशेनच्या तलावातून चर्चचा एकटा मनोरा वर आलेला दिसेल. १९५० मध्ये धरणात ग्राउन गाव बुडालं, त्याची ती खूण. कोयनेकाठच्या माणसाला तो बघून फोटो काढण्याआधी क्षणभर थांबावंसं वाटतं.

दुसरा दिवस: पहाटे स्टेल्विओ, बोर्मिओत नाश्ता, दुपारपर्यंत लिविन्यो.

तिसरा: लिविन्योहून फोर्कोला, बर्निना (२३२८ मीटर), सेंट मोरिट्झ, मालोया आणि खाली कोमो तळं.

चौथा: लुगानो, बेलिन्झोना, आयरोलो, तिथून गोटहार्डच्या जुन्या रस्त्याने आंदरमाट.

पाचवा: आंदरमाटहून फुर्का, ग्रिम्सेल, सुस्टेन असा गोल फेरा. जेमतेम सव्वाशे किलोमीटर, पण अख्खा दिवस जातो आणि जाऊ द्यावा.

सहावा: झुरिक, शाफहाउझेन करत घरी.

मारानेल्लो आणि मोदेनाची फेरारी म्युझियम यात मुद्दाम घातलेली नाहीत. त्यासाठी पो नदीच्या सपाट खोऱ्यात उतरून दोन दिवस ट्रकांमागे घालवावे लागतात. ते दुसऱ्या ट्रिपला ठेवा.

२. लायसन्स आणि कागदपत्रं

जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिने भारतीय लायसन्स चालतं. सातव्या महिन्यात तुम्ही विनालायसन्स. भारत सवलतीच्या यादीत नसल्याने लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, फक्त लेखी इंग्रजीत देता येते. "पंधरा वर्षं पुण्यात चालवतोय" हे तिथे सांगू नका, परीक्षक आणखी सावध होतो.

भारतातून फिरायला येणाऱ्यांनी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट काढावं. फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. इटलीत त्यावाचून अडचण होते. आणि हे परमिट एकटं काही कामाचं नाही, मूळ लायसन्स सोबत हवंच.

ग्लव्ह बॉक्समध्ये एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये हे ठेवा:

- पासपोर्ट आणि राहण्याचा परवाना (जर्मन परवान्यावर शेंगेनमधल्या इतर देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, स्वित्झर्लंडही त्यात आलं)
- गाडीचं नोंदणीपत्र. गाडी नवरा-बायकोपैकी एकाच्या नावावर असेल तर दुसऱ्यासाठी सहीचं अधिकारपत्र
- विम्याचं आंतरराष्ट्रीय कार्ड, ज्याला लोक अजून ग्रीन कार्ड म्हणतात, जरी आता ते पांढऱ्या कागदावर छापून मिळतं
- युरोपीय अपघात-नोंद फॉर्मच्या दोन कोऱ्या प्रती
- एडीएसी किंवा तत्सम वाहनचालक क्लबचं सभासदत्व, परदेशात गाडी उचलून नेण्याची सोय असलेलं
- गाडीचं मॅन्युअल. हे इथेच, डिकीत नाही. का ते पुढे येईल.

शिवाय त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि माणशी एक चमकदार जॅकेट. जॅकेट सीटखाली, हाताला येईल असं. रस्त्यावर उतरून मग डिकीतून काढायचं असेल तर त्याचा उपयोग काय?

स्वित्झर्लंड युरोपीय युनियनमध्ये नाही, त्यामुळे तिथे फोनचं रोमिंग फुकट असेलच असं नाही. नकाशे आधीच ऑफलाइन उतरवून घ्या आणि सीमेवर डेटा बंद करा. मालोयाच्या उतारावर माझ्या बायकोने आईला दहा मिनिटं व्हिडिओ दाखवला होता, त्या बिलात एका रात्रीचं हॉटेल आलं असतं.

३. भाड्याची गाडी घेत असाल तर

करार सही करण्याआधी वाचायच्या ओळी या: वयाची अट (शक्तिशाली गाड्यांना २५, कधी ३० वर्षं), लायसन्स किती वर्षं जुनं हवं, चालकाच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड, त्यावर अडकवली जाणारी अनामत, रोजचे मोफत किलोमीटर आणि कुठल्या देशांत न्यायला परवानगी. शेवटचा मुद्दा तोंडी ऐकून सोडू नका, लेखी घ्या. स्पोर्ट्स कारला नेहमीच्या गाड्यांपेक्षा कडक यादी असते.

अपघात झाल्यास तुमच्या खिशातून जाणारी रक्कम किती, ते बघा. ती कमी करायला रोज थोडे जास्त पैसे लागत असतील तर द्या. इथे कंजुषी नको.

नुर्बुर्गरिंग या जर्मनीतल्या रेसट्रॅकवर जायचा मोह होईल. तिथला नॉर्डश्लाइफं हा २०.८ किलोमीटरचा जुना ट्रॅक ठरावीक वेळी पैसे भरून कोणालाही मोकळा असतो, पण भाड्याच्या करारात बहुधा त्याला साफ मनाई असते आणि बऱ्याच खाजगी विम्यांतही. तिथे ट्रॅकसाठीच तयार केलेल्या गाड्या भाड्याने मिळतात, त्या घ्या.

गाडी ताब्यात घेताना चारही रिम्सचे जवळून फोटो काढा आणि पुढच्या बंपरच्या खालचा ओठ उकिडवं बसून व्हिडिओत घ्या. ओरखडे तिथेच असतात आणि वादही तिथलेच होतात.

४. स्वतःची गाडी: निघण्याआधी तीन आठवडे

आदल्या दिवशी टायरमध्ये हवा भरली की झाली तयारी, असं मला वाटायचं. हौसेची गाडी वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर चालते. त्यामुळे टायरवर नक्षी भरपूर दिसते आणि रबर मात्र म्हातारं झालेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. ३२१६ असेल तर २०१६ सालचा बत्तिसावा आठवडा. असे टायर घेऊन ओल्या घाटात जाऊ नका, खोली कायदेशीर १.६ मिलिमीटरपेक्षा कितीही जास्त असो.

दुसरं ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषतं. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. दोन वर्षं झाली असतील तर बदला.

बॉक्स्टरवाल्यांसाठी आणखी दोन. पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूंना रेडिएटर आहेत आणि त्यांच्या तोंडाशी सुकी पानं साचतात, ती काढा. छताचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबल्या तर पाणी सीटखाली येतं, त्या मोकळ्या करा. स्टेपनी बहुतेक स्पोर्ट्स कारना नसते. टायर भरायचा फेस आणि छोटा कॉम्प्रेसर मिळतो. फेसाच्या डब्यावरची मुदत वाचा.

आता मॅन्युअलची गोष्ट. रेशेनच्या तलावाकाठी आम्ही दीड तास बसलो. धपाटे खाल्ले, गाणी लावली, गाडीचं इंजिन अर्थातच बंद. निघायला चावी फिरवली तर नुसती टिकटिक. बॅटरी पुढच्या डिकीत. पुढची डिकी उघडते विजेच्या बटणावर. वीज नाही म्हणजे डिकी नाही, डिकी नाही म्हणजे बॅटरी नाही. आणि यावर काय करायचं ते सांगणारं मॅन्युअल मी व्यवस्थित कापडात गुंडाळून पुढच्या डिकीत ठेवलेलं. शेवटी फोनवर शोधून कळलं की चालकाच्या पायापाशी फ्यूजच्या डब्यात एक लाल पिन बाहेर ओढता येते. तिला दुसऱ्या गाडीचा धन, दाराच्या धातूच्या कडीला ऋण, आणि मग चावीचं बटण दाबलं की डिकी उघडते. शेजारच्या कॅम्परमधल्या आजोबांनी केबल दिली आणि वर चहाही. तुमच्या गाडीत बॅटरी कुठे आहे आणि ती मेल्यावर तिथवर पोचायचं कसं, हे घरीच एकदा करून बघा.

५. सामान

माझ्या गाडीला दोन डिक्या आहेत, पुढे दीडशे लिटर आणि मागे एकशे तीस. ऐकायला बरं वाटतं, पण चाकांची कडक बॅग दोन्हींत जात नाही. कापडी पिशव्या घ्या आणि एक रंगीत तालीम करा. मागची डिकी इंजिनला लागून असल्याने कोमट राहते. बाकरवडी तिथे मजेत राहते, चॉकलेटचं पाणी होतं.

छत उघडं ठेवणार असाल तर टोपी, गॉगल आणि सनक्रीम. उंचावर वारा गार लागतो म्हणून ऊन कळत नाही, संध्याकाळी कपाळ सोलवटतं. जुलैतही अडीच हजार मीटरवर सकाळी चार-पाच अंश असू शकतात, म्हणून पातळ जॅकेट हवं. काचा वर, पायांवर हीटर, डोक्यावर आकाश ही आमची आवडती व्यवस्था. छत चालू गाडीत किती वेगापर्यंत हलतं तेही बघून ठेवा. माझ्या गाडीचं ताशी ५० पर्यंत.

६. टोल आणि विन्येट

ऑस्ट्रियाच्या मोटरवेसाठी विन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोल-पास, लागतं. दहा दिवसांचं बारा-तेरा युरोत येतं. ते ऑनलाइन घेतलं तर नंबरप्लेटला जोडलं जातं. इथे दोन सापळे आहेत. पहिला, खऱ्या संस्थेसारख्या दिसणाऱ्या मध्यस्थ साइट जादा पैसे लावतात, म्हणून थेट अस्फिनाग या ऑस्ट्रियाच्या मोटरवे कंपनीकडूनच घ्या. दुसरा, नंबर टाइप करताना शून्य आणि ओ यांची अदलाबदल. कॅमेऱ्याच्या लेखी ती दुसरी गाडी. वैधता कुठल्या तारखेपासून सुरू होते तेही खरेदीच्या पानावर स्वतः वाचा.

फ्युसेनहून फर्नपासने गेलात तर घाटरस्त्याला विन्येट लागत नाही, पण लांडेकच्या बोगद्याला लागतं. बऱ्याच जणांना तो एक बोगदा महागात पडतो. ब्रेनरने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिथे विन्येट असूनही वेगळा टोल आहे.

स्वित्झर्लंडमध्ये लहान मुदतीचं विन्येट नाहीच. ४० फ्रँक भरा आणि पुढच्या ३१ जानेवारीपर्यंत वापरा. घाटांना ते लागत नाही, मोटरवेला लागतं. वरच्या मार्गात चौथ्या आणि सहाव्या दिवशी त्यावाचून फार वळसे पडतात, तेव्हा घेऊनच टाका. न घेता सापडलात तर २०० फ्रँक दंड आणि वर विन्येटचे पैसे.

इटलीत मोटरवेवर चढताना तिकीट घ्यायचं, उतरताना पैसे. पिवळ्या टेलिपासच्या रांगेत चुकून शिरू नका. शिरलातच तर रिव्हर्स अजिबात घेऊ नका, बटण दाबून मदत मागा.

पेट्रोल लिविन्योत भरा. ते गाव इटलीच्या करहद्दीबाहेर आहे, त्यामुळे तिथे टाकी भरायला लांबून लोक येतात. इटलीत इतरत्र एकाच पंपावर दोन भाव दिसतील. माणूस भरून देतो तो 'सेर्वितो', आपण भरायचं तो 'फाई दा ते'. दुसरा स्वस्त. 'गाझोलियो' म्हणजे डिझेल, हे विसरू नका, शब्द गॅसोलीनसारखा दिसतो.

७. ऑटोबान, थोडक्यात

मर्यादा नाही तिथेही १३० हा सुचवलेला वेग आहे. त्यापेक्षा जोरात असताना अपघात झाला तर चूक दुसऱ्याची असली तरी थोडी जबाबदारी तुमच्याही गळ्यात पडू शकते. उजवीकडे राहा, उजवीकडून ओव्हरटेक करू नका. डाव्या लेनमध्ये जाण्याआधी आरशात दोनदा बघा, कारण लांब दिसणारा ठिपका दहा सेकंदांत मागे येऊन उभा राहतो. वाहतूक तुंबली की लगेच, रुग्णवाहिकेची वाट न बघता, डावी लेन डावीकडे आणि बाकीच्या उजवीकडे सरकतात. मध्ये वाट मोकळी. पेट्रोल संपून थांबलात तर दंड होऊ शकतो.

सीमा ओलांडली की मोटरवेवर ऑस्ट्रियात १३०, इटलीत १३० आणि पावसात ११०, स्वित्झर्लंडमध्ये १२०. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात हवेच्या प्रदूषणामुळे १०० चे पट्टे आहेत, ते पाळा. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी टिरोलमध्ये नॅव्हिगेशन गावातून आडवाट दाखवेल, पण पुढे जाणाऱ्यांना त्या आडवाटा बंद असतात आणि पोलिस परत फिरवतात.

स्वित्झर्लंडबद्दल मात्र गंमत नको. तिथे ८० च्या रस्त्यावर मर्यादेच्या ६० वर गेलात तर प्रकरण तुरुंगापर्यंत जाऊ शकतं आणि गाडी जप्त होऊ शकते. ऑस्ट्रियातही मार्च २०२४ पासून अतिवेगासाठी गाडी जप्त करण्याचा कायदा आहे. फोनमधली कॅमेऱ्याची सूचना देणारी अ‍ॅप स्वित्झर्लंडमध्ये बेकायदा आहेत, सीमेआधी बंद करा.

८. घाट

प्रातोच्या बाजूने स्टेल्विओला ४८ हेअरपिन वळणं आहेत. रस्ता ऑस्ट्रियाच्या साम्राज्याने १८२० ते १८२५ मध्ये कार्लो दोनेगानी या इंजिनिअरकडून बांधून घेतला. तेव्हा तो घोडागाड्यांसाठी होता, हे प्रत्येक वळणावर जाणवतं. वळणांना पाटी आहे आणि आकडे उलटे, खाली ४८ आणि माथ्यावर १.

साडेसहाला निघा. नऊनंतर मोटरसायकली, दहानंतर बस, अकरानंतर सगळेच.

पहिली बरीच वळणं झाडीतून जातात आणि पुढचं काही दिसत नाही. त्राफोई गावाच्या वर झाडं संपतात, आणि मग अख्खी भिंत समोर उभी राहते, तिच्यावर रस्ता दोरी टाकल्यासारखा. इथे माझी एकच युक्ती सांगतो. वळणाला भिडण्याआधी वर बघा. वरचा रस्ता तुमच्या डोक्यावरच असतो, त्यावरून खाली येणारी गाडी तुम्हाला अर्धा मिनिट आधी दिसते. छत उघडं असेल तर हे काम शेजारच्या माणसाला द्या. आमच्याकडे बायको मान वर करून बसते आणि बस दिसली की ओरडते, "लाल डबा!" बस कुठल्याही रंगाची असो. मग मी वळणाच्या खालीच, सरळ भागात उजवीकडे थांबतो. कारण बसला वळायला वळणाची पूर्ण रुंदी लागते आणि तुम्ही मध्ये सापडलात तर हेअरपिनमध्ये चढावर रिव्हर्स घ्यावा लागतो. ठेंगण्या गाडीतून मागचं काही दिसत नाही. क्लचचा वास मात्र येतो.

वळण मोठ्या त्रिज्येने घ्या, घाईने आत वळू नका. उजव्या हेअरपिनची आतली बाजू इतकी उभी असते की बंपरचा ओठ घासतो. पहिला गिअर टाकायला लाजू नका. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये टाका, नाहीतर गिअरबॉक्स नेमका वळणाच्या मध्यावर विचार करत बसतो.

उतरताना ट्रकवाल्यांचा जुना नियम: ज्या गिअरने चढला असतात त्याच गिअरने उतरा. ब्रेकवर पाय ठेवून घसरत येऊ नका. वळणाआधी दाबा, सोडा, गार होऊ द्या. जळका वास आला तर थांबा, पण तापलेल्या डिस्कवर हँडब्रेक ओढून ठेवू नका. गाडी गिअरमध्ये, चाकं कडेच्या बाजूला वळवलेली, एवढं पुरतं.

निळ्या पाटीवर पिवळं शिंग दिसलं की तो टपालबसचा रस्ता. स्वित्झर्लंडमधल्या पिवळ्या बसचा तीन सुरांचा भोंगा आंधळ्या वळणाआधी ऐकू येतो. तिथे बसला अग्रक्रम आहे आणि तिचा चालक हाताने सांगेल ते करायचं. एरवी अरुंद जागी चढणाऱ्याला वाट देतात. मागे वेगवान कोणी आलं तर उजवा इंडिकेटर देऊन थांब्यावर बाजूला व्हा. स्पोर्ट्स कार आहे म्हणून इरेला पेटू नका. इथला पोस्टमन जुन्या डबा गाडीतून तुम्हाला मागे टाकेल, कारण तो हा रस्ता रोज चालवतो.

गोटहार्डच्या जुन्या रस्त्याला त्रेमोला म्हणतात. आयरोलोहून वर चढताना २४ वळणं, सगळी दगडी फरसबंदीची. कोरड्यात तो स्टीअरिंगमधून हातात गुणगुणतो. ओला असेल तर सोडून द्या आणि शेजारचा नवा घाटरस्ता घ्या. खालचा १६.९ किलोमीटरचा बोगदा फक्त हवामान बिघडलं तर.

कोमोच्या पश्चिम किनाऱ्याचा रस्ता घाट नाही, पण मला स्टेल्विओपेक्षा जास्त घाम तिथे फुटला. एका बाजूला घरांच्या भिंती, दुसऱ्या बाजूने बस, मध्ये तुमची रुंद ढुंगणाची गाडी. आरसे दुमडायचं बटण कुठे आहे ते आधी शोधा.

९. इटलीतली गावं आणि झेडटीएल

पांढरा गोल, लाल कडा आणि खाली बरीच इटालियन वाक्यं. ही पाटी म्हणजे फक्त रहिवाशांच्या गाड्यांचा भाग, झेडटीएल. फाटक नसतं, पोलिस नसतो, फक्त कॅमेरा. पाटीवर 'वार्को आत्तीवो' दिवा लागला असेल तर आत जाऊ नका, 'नॉन आत्तीवो' असेल तर चालतं. नॅव्हिगेशन हे नेहमी सांगत नाही. हॉटेल आत असेल तर आधी फोन करून नंबर नोंदवायला सांगा आणि नोंदवल्याचा निरोप जपून ठेवा.

हॉटेल घेताना गॅरेजचा उतार विचारा. फोटोतलं सुंदर जुनं हॉटेल आणि तळघरात सरळसोट उतरणारा रॅम्प अशी जोडी फार असते. उतारावर तिरकं शिरलं, एक चाक आधी, तर ओठ वाचतो.

१०. परत आल्यावर

गाडी धुवा, चाकांच्या आतली ब्रेकची काळी भुकटी आधी. टायर आतल्या कडेने झिजलेत का ते हात फिरवून बघा. ऑइलची पातळी पुन्हा तपासा, घाटात जास्त खर्च झालेलं असतं.

आणि पोस्टाची पेटी बघत राहा. परदेशी मालकाला दंडाची नोटीस पाठवायला इटलीला ३६० दिवसांची मुदत आहे. साध्या दंडावर पाच दिवसांत पैसे भरले तर तीस टक्के सूट मिळते, म्हणून पाकीट टेबलावर लोळत ठेवू नका. दुसऱ्या देशातला दंड इथे वसूल होत नाही, हे कोणी सांगितलं तर ऐकू नका. सत्तर युरोंच्या वरचा युरोपीय दंड जर्मनीत वसूल होतो आणि २०२४ पासून स्विस दंडही.

म्हणून गाडीत एक छोटी वही ठेवा: तारीख, वेळ, गाव, गाडी कोण चालवत होतं. आमचं पाकीट आठ महिन्यांनी, फेब्रुवारीत आलं. तळ्याकाठचं एक गाव, सकाळी ११.४०, झेडटीएल. मी बायकोला म्हटलं, तुला पाटी दिसली नाही का? तिने शांतपणे वही आणली. ११.३० ची नोंद तिच्याच अक्षरात होती, 'कॉफीनंतर, हा चालवतोय'.